रेषेबाहेर उभी राहिलेली वैनी

कार्ल्याला आमच्या शेजारी एक वैनी राहायची. बोलताना समोरचीचा दंड घट्ट धरायची आणि दर वाक्याला "व्हय का न्हाई?" विचारायची. नागपंचमीला देवळापुढं बायकांचा हुतूतू रंगायचा. त्यात तिनं एकदा कंबर धरली की भल्याभल्या जागच्या हलत नसत.

त्या वर्षी वरच्या आळीशी सामना होता. वैनीनं पदर खोचला, पण ती रेषेबाहेरच उभी राहिली.

"वैने, आत ये की!" आम्ही ओरडलो.

"न्हाई. दिस गेल्यात मला. पानी भरीन, फेर धरीन, पर पोटावर कुनाचा गुडघा नगं. व्हय का न्हाई?"

इतकं उघड तेव्हा कुणी बोलत नसे. वरच्या आळीच्या बायका "भ्याली, भ्याली!" म्हणून हसल्या. वैनी ढिम्म हलली नाही. रेषेवरून एकेकीला हाका मारत तिनं आम्हाला खेळवलं.

शेवटी दोन्हीकडं एकेकच उरली. आमच्याकडून मी. त्यांची धिप्पाड बाई हुतूतू करत आली आणि मला ढकलून परत आपल्या बाजूला निघाली. वैनीचा पाय रेषेच्या आत पडला. आता ती झेप घेणार, असं सगळ्यांना वाटलं. तिनं पाय मागं घेतला आणि किंचाळली, "घोटा धर! सोडू नगंस!"

मी चिखलात लोटांगण घातलं. घोटा हाताला लागला, बाईचा दम तुटला आणि आम्ही जिंकलो!

सगळ्या वैनीला उचलायला धावल्या. तिनं दोन्ही हात पुढं केले.

"लांबून गं बायांनो, लांबून!" ती ओरडली, आणि एकटीच टाळ्या वाजवत गोल गोल फिरू लागली.