सुकाणावरचा दुसरा हात

भिकाजी शिवलकर बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर सुकाणी होते. सुकाणी म्हणजे जहाजाचं चक्र हातात धरणारा माणूस. जहाज कुठे न्यायचं ते कप्तान ठरवतो, बंदरात शिरताना तिथला वाटाड्या, म्हणजे पायलट, ठरवतो. सुकाणी मिळालेला हुकूम मोठ्याने परत म्हणतो आणि चक्र तेवढंच फिरवतो. त्यामुळे ब्राझीलच्या सांतोसपासून कोरियातल्या बुसानपर्यंत जहाजं वळवून आलेल्या या माणसाने कुठे वळायचं हे आयुष्यात एकदाही ठरवलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. घरी ते काम बायकोकडे होतं. ती सहा वर्षांपूर्वी गेली.

अभिमान त्यांना एकाच गोष्टीचा होता, हाताचा. कुठल्याशा अरुंद नदीत एका परदेशी पायलटने कप्तानाला सांगितलं होतं, की बंदर लागेपर्यंत चक्रावरचा हा माणूस बदलू नका. ही हकीकत ते वर्षातून एकदाच सांगत. आढ्यताखोर वाटू नये म्हणून पायलटचं नाव विसरल्याचं दाखवत.

मागच्या वर्षी मांडवीच्या घरात ते न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर वॉकर घेऊन चालत नव्हते. भिकाजींचं, म्हणजे घरच्यांच्या आप्पांचं, जग पडवीपासून स्वयंपाकघरापर्यंत आलं. माडीचा जिना बंद झाला.

माडीवर मुलगा सुजय काम करतो. मुंबई-पुण्याच्या आर्किटेक्टांना न बांधलेल्या इमारतींची हुबेहूब चित्रं लागतात, ती तो करून देतो. इमारतींपुढे झाडंही तोच लावतो. बांधून झाल्यावर ती तिथे नसतात. या कामासाठी त्याच्याकडे जो दांडगा कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर फावल्या वेळात गेम चालतात. त्यातला एक जहाजांचा. जहाज निवडायचं, बंदरात आणायचं, धक्क्याला लावायचं.

बापलेकांत भांडण असं कधी नव्हतं. भांडायला वेळच मिळाला नव्हता. सुजय अठरा वर्षांचा होईपर्यंत दोघांच्या वाट्याला एकमेकांची जेमतेम तीन वर्षं आली, तीही सुट्ट्यांची. पुढे बोलणं झालं ते गॅस, पाणी आणि लाइट कधी येणार याविषयी. आता पडवीतल्या खुर्चीत दिवसभर गप्प बसलेला बाप बघून सुजयला वाटलं, की याला पुन्हा एकदा सुकाणी करता आलं तर राहिलेलं काही भरून निघेल. इच्छा चांगली होती. नंतर सगळ्यांनी तेच म्हटलं.

कॉम्प्युटर खाली आणणं शक्य नव्हतं. पण त्याचं चित्र घरातल्या घरात नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवता येतं. सुजयने जुना लॅपटॉप खाली जेवणाच्या टेबलावर मांडला.

“गेम वरच चालणार, आप्पा. खाली नुसतं चित्र येणार. तुम्ही इथे बटन दाबलं की ते वर जाणार.”

“म्हणजे इंजिन एकीकडे आणि चक्र असतं तो ब्रिज दुसरीकडे. जहाजासारखंच की.”

“तसंच.”

“फक्त तुझं इंजिन वर हाय. बुडशील.”

वायफायने पहिल्याच दिवशी मान टाकली. जांभ्या चिऱ्याच्या दीड फुटी भिंतीपुढे त्याचं काही चालेना. समुद्राचे चौकोनी तुकडे होऊन जागच्या जागी थिजत. मग सुजयने माडीवरून जिन्याच्या कठड्याने केबल खाली आणली. शाळेत शिकवून आलेल्या मनस्वीने, म्हणजे त्याच्या बायकोने, ती बघितली.

“एका घरात राहता,” ती म्हणाली, “आणि बोलायला वायर लागते तुम्हा दोघांना.”

रोज चार वाजता चहा झाला की आप्पा बसत. हातातल्या कंट्रोलरला ते रिमोट म्हणत. पहिले तीन दिवस त्यांनी धक्के पाडले, दोन नावा बुडवल्या आणि एकदा दीपस्तंभावर गेले. पण शिस्त सोडली नाही. हुकमाशिवाय सुकाण फिरवणं त्यांना जमेना, म्हणून ते स्वतःच “स्टारबोर्ड टेन”, म्हणजे उजवीकडे दहा अंश, असं म्हणत आणि स्वतःच “स्टारबोर्ड टेन, सर” असं उत्तर देत. चौथ्या दिवशी त्यांनी जिन्याकडे बघून हाक मारली.

“सुजय, तू वरनं ऑर्डर दे रे. मी एकटा दोघांचं बोलतोय.”

“मला त्यातलं काय कळतंय, आप्पा. तुमचं तुम्ही चालवा.”

हे सांगताना तो त्याच जहाजाकडे बघत होता. कारण खाली जाणारं चित्र वरच्या पडद्यावरही दिसतं. शिवाय वरचा कीबोर्ड बंद झालेला नसतो. खालचा कंट्रोलर आणि वरचा कीबोर्ड, दोन्ही एकाच सुकाणाला लागतात.

सुजयला दिसत होतं ते असं, की आप्पा वळण यायच्या कितीतरी आधी सुकाण देतात आणि जहाज वळायच्या आत सरळ करतात. त्याने निदान केलं: वायरीत थोडा उशीर आहे आणि हातात वय. खरं तर दोनशे मीटरचं जहाज हुकूम ऐकून बऱ्याच वेळाने वळतं. सुकाणी त्याच्या पुढे असतो. वायरीतला उशीर आप्पांच्या त्या सवयीत कधीच मुरला होता, आणि चुकत होतं ते फक्त त्या चिमुकल्या रिमोटवर अंगठा बसला नव्हता म्हणून. पण सुजय एरवी गेममध्ये गाड्या पळवणारा. त्याने एका बोटाने डावा बाण दोनदा दाबला.

जहाज अलगद धक्क्याला लागलं.

“लागलं गो मनस्वी, लागलं,” खालून आवाज आला. बापाचा असा आवाज सुजयने त्याआधी ऐकला नव्हता. चूक झाली असेल तर ती या आवाजाने पक्की केली. दुसऱ्या दिवशीही त्याने बाण दाबला, तिसऱ्या दिवशीही. आप्पांचा अंगठा बसला, हात सुधारला. पण ते बघायला वर कोणी नव्हतं. वर मदत करणारा माणूस बसला होता.

तीन आठवड्यांनी चहा पिताना आप्पा म्हणाले, “तुझं जहाज जरा ओढतंय रे.”

“सॉफ्टवेअरचं असेल काहीतरी.”

“असेल.”

त्या दिवशी त्यांनी जहाज बंदराच्या तोंडाशी आणलं आणि रिमोट टेबलावर ठेवून दिला. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, हळूहळू खडकांकडे जाऊ लागली. पडद्याच्या कोपऱ्यात सुकाणाचा काटा असतो, सुकाण किती अंशांवर आहे ते दाखवणारा. आप्पा फक्त त्याच्याकडे बघत होते. वर सुजयला वाटलं, आप्पांना डुलकी लागली. त्याने बाण दाबला. काटा शून्यावरून पाचावर गेला, मग सातावर.

मनस्वी शेजारी भाजी निवडत होती. “आप्पा,” ती म्हणाली, “तुमचे हात तर मांडीवर आहेत.”

“हां,” आप्पा म्हणाले. “बोलव त्याला खाली.”

सुजय खाली आला आणि उभा राहिला. चाळिशीच्या माणसाला असं उभं राहायची सवय नसते.

“कधीपासून?”

“पहिल्या आठवड्यापासून.”

“रोज?”

“जवळजवळ.”

“काल लावलं ते?”

“दोनदाच दाबलं होतं, आप्पा.”

“दोनदा.” त्यांनी मान हलवली. “चक्र दुसऱ्याने घ्यायचं तर तो आधी येऊन बाजूला उभा राहतो. पहिला कोर्स, म्हणजे दिशा, सांगतो, सुकाण किती हाय ते सांगतो. दुसरा ते परत म्हणतो. मग पहिला हात काढतो. एकावेळी एकच हात. कप्तानसुद्धा न सांगता हात लावत नाय.”

“मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल.”

“वाटत होतं की,” आप्पा म्हणाले.

आरडाओरडा झाला नाही, जेवण वेळेवर झालं. दुसऱ्या दिवशी सुजयने वरचा कीबोर्ड काढला आणि खाली आणून लॅपटॉपच्या बाजूला ठेवला. चार वाजता तो स्वतः आप्पांशेजारी खुर्ची घेऊन बसला. हे त्याने पहिल्या दिवशी केलं असतं तर बोलायला वायर लागली नसती, असं मनस्वीला वाटलं.

आप्पांनी जहाज आणलं. वळणाच्या आधी सुकाण दिलं, वेळेत काढून घेतलं आणि असं लावलं की धक्क्याला कळलंही नसेल. मग त्यांनी वर छताकडे बघितलं.

“तू होतास?”

“मी इथे आहे, आप्पा. वर कोणी नाही. कीबोर्ड हा बघा.”

“हां,” ते म्हणाले. डॉक्टर ‘सुधारणा आहे’ म्हणायचे तेव्हा आप्पा असंच हां म्हणत.

पुढचे दोन आठवडे हेच चाललं. जहाज नीट लागलं की ते छताकडे बघत. कधी विचारत, कधी नुसतंच बघत. आपटलं की मात्र त्यांचा चेहरा मोकळा व्हायचा. ते तरी नक्की आपलं होतं. हळूहळू आपटणं वाढलं. मुद्दाम आपटत होते की काय, हे सुजयला विचारवेना. त्या पहिल्या तीन आठवड्यांतली कुठली जहाजं आप्पांची आणि कुठली आपली, ते त्याचं त्यालाही आता सांगता आलं नसतं.

दसऱ्यानंतर एका दुपारी चहा झाला आणि आप्पा पडवीतल्या खुर्चीतून उठले नाहीत. सुजय लॅपटॉप लावून वाट बघत होता.

“आप्पा, येताय ना? शपथ घेऊन सांगतो, तेव्हापासून मी एकदाही हात लावलेला नाही.”

“मला माहीत हाय. तू खोटं बोलत नायस.” त्यांनी तळवे उलटेपालटे करून बघितले आणि मांडीवर ठेवले. “पण ते ह्या हातांना पटत नाय रे आता.”