भेकराचा पासपोर्ट फोटो

९ मार्च २०२५, रविवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत माझे ठाम मत होते की लाज नावाची भावना निसर्गाने माझ्या आतोबांना दिलेलीच नाही. त्यांच्या वाट्याची सगळी लाज मीच बाळगत आले होते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि गावातल्या निम्म्या माणसांचे पासपोर्ट फोटो त्यांनीच काढलेले आहेत. स्टुडिओ बंद झाला, सवयी मात्र चालू राहिल्या. बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाची हनुवटी दोन बोटांनी वर करून ते शांतपणे पुढे जात. एकदा आम्ही एका घरी समाचाराला गेलो होतो. भिंतीवरच्या तसबिरीतला फोटो आतोबांच्याच स्टुडिओतला होता. सगळे माना खाली घालून बसलेले असताना आतोबा तसबिरीजवळ गेले, हार जरासा बाजूला केला आणि मृताच्या मुलाला म्हणाले, "डावा कान बघ तुझ्या वडिलांचा. काय स्वच्छ आलाय!" निघेपर्यंत मी सतरंजीच्या विणीचा अभ्यास करत बसले.

आयुष्यभर माणसे "हसा" म्हटले की हसली, याचा त्यांना वीट आला होता. "न सांगता उभं राहील असं कुणीतरी हवंय मला," असे म्हणत त्यांनी जवळच्या औंढे गावावरच्या डोंगराकडे मोर्चा वळवला. तिथल्या रानात भेकरे आहेत. भेकर म्हणजे शेळीएवढे, तांबूस, भिडस्त हरीण. घाबरले की कुत्र्यासारखे भुंकते आणि शेपटीची पांढरी बाजू दाखवत पळते. अशा एका भेकराचा समोरून, दोन्ही कान दिसतील असा स्वच्छ फोटो, एवढेच सत्तरी ओलांडलेल्या आतोबांना आयुष्याकडून आता हवे होते. त्यासाठी त्यांनी बंबाच्या धुराड्याएवढे लांब, हाताने फिरवायचे जुने भिंग मिळवले. आपोआप फोकस करणारे नवे भिंग मुलाने आणून दिले होते; ते त्यांनी खोक्यातून बाहेरही काढले नाही. "कुणाकडे बघायचं हे यंत्रच ठरवणार असेल, तर मी घरी बसून चहा पितो." जुने भिंग ते आत्याच्या मऊ लुगड्याच्या झोळीत घालून छातीशी धरत. औंढ्याला जाताना सहा आसनी रिक्षात एका बाईने सरकून जागा करून दिली आणि झोळीकडे कौतुकाने पाहत विचारले, "किती म्हयन्याचं हाय वो बाळ?"

"अठ्ठेचाळीस वर्षांचं," आतोबा म्हणाले, "आणि अजून उचलूनच न्यावं लागतं."

उरलेली वाट मी शेतांकडे पाहत काढली.

फोकसचे कडे फिरवून चित्र स्पष्ट होईपर्यंत भेकर निघून जायचे. त्यामुळे आतोबांकडे पाठमोऱ्या, पुसट शेपट्यांचा जो संग्रह जमला आहे, तसा दुसऱ्या कुणाकडे नसावा. तो ते प्रत्येक पाहुण्याला टीव्हीवर दाखवतात. मला पाहायला आलेल्या मंडळींनाही दाखवला. "ही दिवाळीतली शेपटी. ही तिचीच, जरा डावीकडून." मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवत विचारले, "तोंडाचा नाही का हो एखादा?"

"तोंड यायचंय अजून," आतोबा म्हणाले.

त्या स्थळाकडून पुढे काही कळले नाही. त्याचे मला दुःख नव्हते, प्रबंध पुरा करणे मला अधिक निकडीचे होते. पण नकाराचे कारण मैत्रिणींना सांगण्याजोगे नव्हते.

मी पुण्यात प्रकाशशास्त्रात संशोधन करते आणि शनिवार-रविवार लिखाणासाठी आत्याकडे येते. मला भिंगांतले कळते, म्हणून आतोबांनी मला मदतनीस नेमले. मी शास्त्रीय निदान केले: पंधरा मीटरवर या भिंगात स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम वीत-दीड वीत खोल असतो, सबब, पाणवठ्यावरची जागा ठरवून फोकस आधीच करून ठेवावा. अंतर मी अंतरमापकाने मोजून सांगायचे, आतोबांनी कडे त्या आकड्यावर आणायचे आणि मग डोळ्याने पक्के करायचे. हे त्यांना पटले. मात्र समोर उभी करायला मी आणलेली, वर्तमानपत्र गुंडाळलेली काठी पटली नाही. "काठीला डोळे असतात का?" शेळी एका जागी थांबेना. आत्याने स्वतःच्या गुडघ्यांकडे बोट दाखवून विषय संपवला. उरले मी. तांबूस शाल पांघरून, हात आणि गुडघे टेकून, मी पाणवठ्याच्या काठी भेकर झाले.

पहिल्याच रविवारी गावातले एक आबा म्हशी घेऊन पाण्यावर आले. "ताई, योगा करताय व्हय?"

"ती सध्या भेकर आहे, आबा!" झुडपामागून आतोबा ओरडले. "जरा बाजूनं जा."

आबांनी मला नीट न्याहाळले. "आमच्या रानातलं न्हाई हे. चष्मा हाय की ह्याला!" मग म्हशींना वळवत म्हणाले, "चला गं. पावनी पानी पितीया, पिऊ द्या."

त्या क्षणी माझा चेहरा शालीहून तांबूस झाला असणार.

आता त्या नऊ मार्चविषयी. त्या सकाळी आतोबांचे कडे फिरवणे नेहमीपेक्षा फार लांबले. माझा पाय बधिर झाला. आवाज न करता मी बाजूच्या करवंदीच्या जाळीआड सरकले आणि पाय लांब केले. मान वळवून पाहते, तर मी सोडलेल्या जागी खरे भेकर उभे होते, पाण्याला तोंड लावून. मी श्वास रोखला. आतोबांनी आता फक्त बटण दाबायचे होते.

"हं," झुडपामागून त्यांचा समाधानी आवाज आला, "आता कशी शहाण्यासारखी उभी राहिलीस. हनुवटी जरा वर."

भेकराने दचकून मान वर केली.

"शाब्बास. दोन्ही कान आले. हलू नकोस."

खटका वाजला. भेकर मोठ्याने भुंकले आणि रानात दिसेनासे झाले.

"अगं, खोकतेस काय!" आतोबा म्हणाले. "रात्री दही खाऊ नकोस म्हटलं होतं ना?"

हसू माझ्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. अवघ्या पंधरा मीटरवर, त्या लांबलचक भिंगातून, आतोबांना मी आणि भेकर यांतला फरक दिसला नव्हता. मी रांगत जागेवर परत गेले. "ठसका लागला, आतोबा," मी म्हणाले.

घरी आत्याने चहा टाकला आणि आतोबांनी सवयीने कॅमेरा टीव्हीला जोडला. त्यांना कसे थांबवावे हे मला सुचले नाही. पडदाभर भेकर आले: समोरून, दोन्ही कान, ओल्या नाकावर पाण्याचा थेंब, पापणीचा केस न् केस वेगळा. "अगंबाई, आलं की हो तोंड!" आत्या गाळणी हातात घेऊन नाचायची तेवढी राहिली. आतोबा टीव्हीजवळ गेले. मान तिरकी करून, कोंबडी पाहते तसे डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी ते चित्र कितीतरी वेळ पाहिले. मग माझ्याकडे वळले.

"म्हणजे खोकली ती तू नव्हेस."

"नाही."

"आणि मी त्या जनावराला..."

"हनुवटी वर कर म्हणालात. त्यानं केली." मी हसण्याचा प्रयत्न केला.

आतोबांचे कान लाल झाले. "बंद कर ते," ते आत्याला म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच मान खाली घालून बसले.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. दोन वर्षे हे चालले होते. "मधोमध डाग असतो गं. कडेकडेचं सगळं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच नाहीसं होतं." डोळ्याच्या पडद्याची झीज, असे डॉक्टरांनी सांगितले होते, आत्याला त्यांनी चष्म्याचा नंबर वाढल्याचे सांगून टाळले होते. काठी त्यांना नापसंत नव्हती, ती त्यांना सापडतच नव्हती. शेपट्या पुसट का येतात यावर मी त्यांच्या बोटांच्या वेगाचा आलेख काढला होता. त्यांच्या डोळ्यांकडे, प्रकाशशास्त्राची अभ्यासक असूनही, मी एकदाही पाहिले नव्हते.

तो फोटो आतोबांनी कुणालाही दाखवलेला नाही. पाहुण्यांना अजून शेपट्याच पाहाव्या लागतात. आणि आता ते कुणाची हनुवटी वर करत नाहीत; बँकेच्या रांगेत हात मागे बांधून उभे राहतात. लोकांना बरे वाटत असेल. मला मात्र त्यांची ही लाज बघवत नाही. ती माझ्याकडे होती तेव्हाच ठीक होती.

पुढे बरेच रविवार झोळी खुंटीवरच राहिली. मे महिन्यात, पाणवठा आटत आला असताना, एका सकाळी मीच ती गळ्यात अडकवली. "कशाला उगीच," आतोबा म्हणाले, पण चपला घालूनच म्हणाले. झुडपामागे आम्ही शेजारी शेजारी बसलो. कॅमेरा त्यांनी मांडीवरच ठेवला होता. ऊन पाण्यावर आले तेव्हा पलीकडे काहीतरी हलले. मी त्यांच्या कोपराला हात लावला.

"आलंय?" ते कुजबुजले.

"आलंय."

"पाणी पितंय?"

"पितंय."

त्यांनी मांडीवरचा कॅमेरा उचलला. मग त्यांची बोटे, न पाहता, फोकसच्या कड्यावर गेली.

"किती लांब?"

मी अंतरमापक डोळ्याला लावला, आकडा नीट वाचला आणि त्यांच्या कानाशी सांगितला: सतरा मीटर.