आवडाबाईंनी केलेला पाहुणचार

ठाण्याजवळच्या बाळकुम कोळीवाड्यातल्या बालवाडीत मी शिकवायला होते आणि आवडाबाई स्वयंपाकाला. सकाळची मासळी विकून त्या दहाला हजर व्हायच्या आणि आल्या आल्या माझ्यावरच ओरडायच्या, "शुभदाताई, चूल अजून थंड?" चूल पेटवणं त्यांचं काम होतं, माझं नव्हे. पण हे त्यांना सांगायची माझी छाती नव्हती.

पोरांचं दुपारचं खाणं परदेशी मदतीतून यायचं: भरडलेला गहू आणि तेलाचे डबे. चाळीस पोरं, निम्म्यांना दिवसातलं धड खाणं तेवढंच. आधी तो बेचव गहू बघून ती तोंडं फिरवायची. आवडाबाईंनी त्यात घरचा सुका जवळा टाकायला सुरुवात केली, तेव्हापासून पातेल्याच्या बुडाला कण उरेना.

अठ्ठ्याऐंशी साली मदत देणाऱ्यांचा गोरा साहेब पाहणीला येणार होता. त्याच्या अहवालावर पुढचा गहू ठरणार होता. "रोजच्यासारखंच राहा हं," मी आवडाबाईंना दहादा बजावलं. त्यांनी दहादा मान हलवली.

साहेब आला तेव्हा दारात आवडाबाई जरीच्या लुगड्यात! गळ्यात पुतळ्यांची माळ, हातांत पाटल्या. सगळं चार घरांतून मागून आणलेलं. कोळीवाड्यात पाहुण्यासमोर बाई अशीच उभी राहते. पोरांच्या अंगावर सणाचे कपडे. ताटात कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. साहेबानं दोनदा वाढून घेतलं. मी कपाळाला हात लावला.

तीन महिन्यांनी पत्र आलं. वस्तीची स्थिती सुधारली आहे, देशही सावरतो आहे, तेव्हा मदत अधिक गरजूंकडे वळवत आहोत. मी भडकले. "कुणी सांगितला होता हा थाट? सोनं मिरवलंत आणि पोरांचा घास गेला!"

सबंध गावाला पुरून उरणारी ती बाई खाली मान घालून पातेलं घासत बसली. माझा फार जीव होता त्यांच्यावर, आणि त्या दिवशी मला माझ्याच तोंडाची लाज वाटली.

सोमवारी दहाला त्या आल्या, तर मागे कोळीवाड्यातल्या सहा बायका. कुणाच्या सुपात तांदूळ, कुणाच्या टोपलीत बोंबील. रोज एका घराची पाळी, असं ठरवूनच आल्या होत्या.

"अहो, हे झेपणार आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

आवडाबाईंनी चुलीत लाकूड सारलं.

"आमी गरीब नाय असा पावण्यानी लिवलाय ना? मंग त्याला खोटा ठरवू?"