कुत्र्यांचा मंगळवार

धाकटीच्या हाताला जे वळण आहे ते शिकून येत नाही. कोर्स काय, गल्लोगल्लीच्या पोरी करतात. पण ओले केस कापताना ते वाळल्यावर कुठे जाऊन बसतील हे आधीच ओळखायचं, हे त्या अख्ख्या रस्त्यावर हिलाच जमतं. समोरच्या दोन पार्लरवाल्या स्वतःचे केस कापायला हिच्याकडे येतात, तेही मागच्या दाराने. अकरा वर्षं झाली. तीन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन, पडद्यामागे वॅक्सचा पलंग आणि भिंतभर आरसे. आरसे दादाने बसवलेत. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, सुतार. अकरा वर्षांत एक आरसा तसूभर हललेला नाही, कुणीही यावं आणि पट्टी लावून बघावी.

धाकटीत दोष एकच. तिला नाही म्हणता येत नाही. शटर अर्ध्यावर आलेलं असताना कुणी खालून वाकून म्हटलं, "दोनच मिनिटं गं," की हिने शटर वर केलंच. दादाने एकदा घरात समोर उभं करून सराव करून घेतला.

"म्हण, नाही."

"नाही."

"शाब्बास. आता मी गिऱ्हाईक. बंद झालं का हो? बसू का जरा?"

"बसा ना."

दादाने कपाळावर हात मारून घेतला.

नाही म्हणता येत नाही, मग एवढी माणसं निभवायची कशी? तर तिने एक पद्धत काढली होती. एका जातीचं काम एका दिवशी बांधायचं. रंगवाल्या सगळ्या बुधवारी, म्हणजे वाट्या, ब्रश, टॉवेल एकदाच काय ते काळे होतात. वॅक्सवाल्या शुक्रवारी, कारण हीटर एकदा तापला की दहा जणी निघतात. शाळेच्या पोरी रविवारी सकाळी. कुणालाच नाही म्हणायचं नाही, फक्त वार सांगायचा. पद्धत इतकी चोख की समोरच्या दोघींनीही उचलली. त्याच पद्धतीने पुढे तिचा घात केला.

पार्लरचा दुसरा हात म्हणजे वहिनी, दादाची बायको. वहिनी आयब्रो करते. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं बोटांत, मधला पीळ भुवईवरून सर्रकन. दोन्ही भुवया अशा सारख्या की एक झाकून दुसरी दाखवली तर कुठली कुठली ते कळू नये. निम्म्या बायका धाकटीच्या कात्रीसाठी येतात, निम्म्या वहिनीच्या दोऱ्यासाठी. धाकटीला दोरा येत नाही, वहिनीला कात्री येत नाही. सकाळी दोघी एकत्र निघतात, संध्याकाळी भांडत एकत्र परततात, असं अकरा वर्षं चाललं होतं.

आणि वहिनीला कुत्र्यांची भीती वाटते. म्हणजे साधीसुधी नाही. रस्त्यात कुत्रं दिसलं तर ती दादाचा दंड असा धरते की वळ उठतात. चावलं होतं का लहानपणी, असं लोक विचारतात. ती म्हणते, "भ्यायला आधी चावून घ्यायला लागतं का?"

पहिलं कुत्रं आलं ते मालकीणबाईंचं. जागा त्यांची, वरच्या मजल्यावर त्याच राहतात, आणि करार दोन महिन्यांत संपत होता. कुत्रं म्हणजे पांढरा लोकरीचा गुंडा. आधी पिशवीतून यायचं, नुसतं नाक बाहेर. मग मांडीवर आलं. मग खाली.

"बाळ काही करत नाही गं," मालकीणबाई म्हणाल्या. "माणसापेक्षा गुणी आहे."

"हो, हो," धाकटी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पंधरा दिवसांत बाकीच्यांना वास लागला. बँकेत काम करणारी एक आहे, तिची दोन बुटकी कुत्री, पाय कुठे संपतात तेच कळत नाही. तिने विचारलं, "त्यांचं चालतं, मग माझ्यांनी काय पाप केलंय?" रिटायर झालेल्या शिक्षिकाबाईंचं एक तपकिरी धूड, वासराएवढं. बाई म्हणाल्या, "तो माझ्याशिवाय जेवत नाही, मी त्याच्याशिवाय कुठे जात नाही. बघ बाई, तुझी इच्छा." इच्छा! इच्छेचा प्रश्न असता तर काय हवं होतं. केस झाडावे तर कुत्र्याचे कुठले आणि बाईचे कुठले ते कळेना. रंगाच्या वाटीत एक पांढरा केस पडला, तो रंग सगळा फेकला. एकीने पावडरच्या डब्यात पांढरी लोकर बघितली आणि म्हणाली, "हे काय, याचंही फेशियल करता वाटतं?"

आणि मग तो शनिवार आला.

वहिनी एका नव्या मुलीच्या आयब्रो करत होती. मुलीची सोमवारी नोकरीची मुलाखत. एक भुवई झाली होती, दुसरी अर्ध्यावर. दोरा दातात. तेवढ्यात मालकीणबाईंचं बाळ खुर्चीखालून आलं आणि वहिनीची टाच चाटायला लागलं.

ओरडायचं तर दोरा सुटतो. उडी मारायची तर पोरीची भुवई जाते. वहिनी हलली नाही. डोळ्यांतून धारा, मानेवर घाम, पण दात घट्ट आणि बोटं आपल्या जागी. शेवटचा केस निघेपर्यंत तिने ती भुवई केली. मुलीला आरसा दिला. मुलगी म्हणाली, "किती छान!" मग वहिनीने दोरा गुंडाळला, खुंटीवरची पर्स घेतली आणि चपला हातात घेऊन अनवाणी बाहेर पडली.

असं काम करणारी बाई दुसरी दाखवा.

घरी तिने ताट वाढता वाढता सांगितलं. "ज्या दिवशी आत कुत्रं, त्या दिवशी मी नाही. एकदाच सांगते."

"अगं, पण मालकीणबाईंना कसं सांगू? करार..."

"माझा करार कुठाय? मी काय भिंतीवरचा आरसा आहे? लावला, विसरलात?"

"आरशांचं नाव काढू नकोस," दादा म्हणाला.

"गप्प!" दोघी एकदम म्हणाल्या.

धाकटी रात्रभर तळमळली आणि सकाळी तिला सुचलं. ज्या डोक्यातून एवढी मोठी पद्धत निघाली त्या डोक्यातून दुसरं काय निघणार? मंगळवार! मंगळवारी गर्दी कमी असते. कुत्रेवाल्या सगळ्या मंगळवारी, आणि वहिनीला मंगळवारी सुट्टी. सहा दिवस कुत्रं नाही, एक दिवस वहिनी नाही. कुणालाच नाही म्हणायचं नाही.

तिने मोठ्या आनंदाने वहिनीला सांगितलं. वहिनी भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"म्हणजे कुत्र्यांसाठी मला घरी बसवलंस."

"अगं, सुट्टी म्हण ना!"

"सुट्टी मागितली होती मी? बरं. मग सातही दिवस सुट्टी घेते. आराम करते जरा."

"वहिनी, असं काय करतेस?"

"मी काही करत नाही. मी आराम करते."

रविवारी वहिनी गेली नाही, सोमवारी गेली नाही. सोळा बायका दारातून परत गेल्या. "आयब्रोवाल्या ताई कधी येतील?" या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन धाकटीचा घसा बसला. घरात वहिनी नुसती भांडी आपटायची. दादाने मध्यस्थी करून बघितली, तर त्याच्या पुढ्यात कालची भाकरी आली.

मंगळवारी सकाळी दहाला पहिल्या आल्या शिक्षिकाबाई, धुडासकट. सव्वादहाला बँकवाली, दोन बुटक्यांसकट. मालकीणबाई बाळासकट. आणि एक बाई तर अशी आली की तिला ना केस कापायचे होते, ना काही. सोबत काळं, सडपातळ, थरथरणारं कुत्रं. "आमचा फार लाजाळू आहे," ती म्हणाली. "म्हटलं आज इथे सगळे जमणार, जरा ओळखी होतील."

ओळखी झाल्या! धाकटीने मालकीणबाईंच्या केसांच्या मुळांना रंग लावला, घड्याळ लावलं, वीस मिनिटं. शिक्षिकाबाईंचे केस कापून झाले आणि तिने ड्रायर सुरू केला. एवढंच केलं तिने. ड्रायरचा आवाज ऐकून लाजाळू ओरडलं. ते ओरडलं म्हणून बुटकी ओरडली. बुटकी ओरडली म्हणून धूड उठलं, आणि त्याचा पट्टा बाईंनी खुर्चीच्या पायाला बांधला होता, तेव्हा खुर्चीही निघाली, बाईंसकट. अर्धे केस ओले, अर्धे फुगलेले, अशा बाई खुर्चीत बसून दारापर्यंत गेल्या. "खाली बस! मी सांगते, खाली बस!" चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेला आवाज. खाली कुणी बसलं असेल तर फक्त बँकवाली, तीही घाबरून.

दार उघडं होतं. बाळ बाहेर पळालं.

"बाळाऽऽ!" मालकीणबाई उठल्या. डोक्यावर काळा चिखल, गळ्यात कापड, रस्त्याच्या मधोमध. मागे धाकटी, हातात घड्याळ. "अहो, बारा मिनिटं झालीत, डोळ्यांत जाईल! अहो, हात लावू नका डोक्याला!" समोरच्या दोन पार्लरवाल्या दारात येऊन बघत होत्या. एकीने तर खुर्ची आणून ठेवली.

धाकटीने दादाला फोन केला. दादा हातातली पटाशी टाकून पाच मिनिटांत हजर. कुत्रा कसलाही असो, दादाच्या एका नजरेत गप्प होतो. त्या दिवशी एकाच वेळी पाच होते आणि नजर पाच ठिकाणी कशी टाकणार, म्हणून थोडं पळावं लागलं. पण बाळाला त्यानेच भाजीवाल्याच्या टोपल्यामागून काढलं, आणि पाचही पट्टे एका मुठीत धरून खांबापाशी उभा राहिला. येणारेजाणारे विचारत होते, "विकायची आहेत का?"

आत धाकटीने मालकीणबाईंना बेसिनपाशी बसवलं आणि डोकं मागे घेतलं. कानशिलावर रंग, कपाळावर रंग, नाकाच्या शेंड्यावर रंग. जमिनीवर फुटलेली बाटली, ओला पंजा, केस, केस आणि केस. आणि नेमकी तेव्हाच दारात ती मुलगी आली, शनिवारची, मुलाखतवाली.

"नोकरी लागली मला!" ती म्हणाली. "त्या ताईंना सांगायला आले होते. ताई कुठायत?"

"नाहीत," धाकटी म्हणाली.

"सोडलं का त्यांनी?"

धाकटीचे हात मालकीणबाईंच्या केसांत थांबले. काळं पाणी बेसिनमधून गडगडत खाली जात होतं. वहिनी सोडूनही जाऊ शकते, हे अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणीतरी तोंडाने बोलून दाखवलं होतं. मुलगी आत पाय टाकायला जागा नाही असं बघून निघून गेली.

"मालकीणबाई," धाकटी म्हणाली.

"काय गं?"

"उद्यापासून इथे कुत्रं नाही."

मालकीणबाईंचे डोळे मिटलेले होते, डोकं हिच्या हातात. "कुणाचं? त्या धुडाचं ना? बरोबर आहे."

"कुणाचंच नाही. बाळाचंही नाही. माझी वहिनी भिते."

"वहिनी भिते म्हणून माझ्या जागेत माझं बाळ नाही?"

"नाही."

"करार आठवतोय ना तुला?"

"आठवतोय. वाढवून नाही दिलात तर दादा आरसे काढून नेईल. पण कुत्रं नाही." आवाज असा कापत होता की नळ कापतोय असं वाटावं. पण बोलली. बाहेर खांबापाशी पाच पट्टे धरून उभ्या असलेल्या दादाने स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि त्याची छाती अशी फुगली की एक बुटकं निसटलं.

मालकीणबाईंनी मान बेसिनवर जरा मागे सरकवली. मग म्हणाल्या, "पाणी गार आहे."

"गरम करते," धाकटी म्हणाली.

त्या केस पुसून, बाळाला दादाच्या हातून हिसकावून वर गेल्या.

संध्याकाळी धाकटी घरी आली ती सरळ स्वयंपाकघरात. वहिनी पाठमोरी होती.

"मी नाही म्हटलं."

"कुणाला?"

"मालकीणबाईंना."

वहिनी वळली. "चिठ्ठी लिहून?"

"तोंडावर."

"तू? खोटं बोलू नकोस. अहो, ही खरं बोलतेय?"

"मी साक्षीदार आहे," दादा म्हणाला. त्याच्या पोटरीला पट्टी होती.

"आणि जागा गेली तर?"

"गेली तर गेली. जागा मिळेल. दोरा दातात धरून, कुत्रं टाच चाटत असताना भुवई पुरी करणारी कुठे मिळेल?"

वहिनी परत ओट्याकडे वळली. पण त्या रात्री भांडी आपटली नाहीत.

बुधवारी सकाळी ती धाकटीच्या आधी चपला घालून दारात उभी. पार्लरचं शटर वर केलं आणि आत बघून तिने जो तोंडाचा पट्टा सोडला, तो रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू गेला असेल. "तीन दिवस! तीन दिवस मी नाही तर हे काय करून ठेवलंय? आणि हा टॉवेल कुणी चावला?" पदर खोचून ती झाडायला लागली. दादा मोडलेला खुर्चीचा पाय जोडत होता. धाकटी बरण्या पुसत होती.

तेवढ्यात फोन वाजला. मालकीणबाई. तिघंही जागच्या जागी थांबली. धाकटीने फोन स्पीकरवर टाकला.

"माझ्या आयब्रो राहिल्यात," मालकीणबाई म्हणाल्या. "तुझी वहिनी आलीय म्हणे."

वहिनीने खुणेने विचारलं, एकट्या येणार का?

"एकट्या याल ना?" धाकटीने विचारलं.

पलीकडे लांब उसासा. "एकटीच येते. कराराचे कागदही आणते येताना. पण बाळाला घरी एकटं ठेवलं तर ते दार ओरबाडतं. तुझ्या दादाचा त्याला काल फार लळा लागला. तासभर दादा फिरवून आणेल ना? दर वेळी?"

दादाने दोन्ही हात हलवले. मान हलवली. हातोडीसुद्धा हलवली. वहिनी त्याच्याकडे बघत होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. धाकटीने दादाकडे बघितलं, फोनकडे बघितलं, तोंड उघडलं.

"हो, नेईल की," ती म्हणाली.