रिकाम्या गाड्यांचा गठ्ठा

आमच्या ऑफिसात रिकाम्या ट्रकांचे फॉर्म सगळ्यात शेवटी घ्यायचे, हा नियम माझा. वरून कुणी लादलेला नव्हता. मीच सुचवला, साहेबांनी मान डोलावली, "डोकं आहे तुला," म्हणाले, आणि मी दोन दिवस हवेत होते. त्या डोक्याला मी पुढे किती शिव्या दिल्या ते माझं मला माहीत.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. देशात कुठला माल कुठून निघतो, कुठे जातो आणि कोणत्या रस्त्यानं जातो, याची एकत्र नोंद हवी होती. नोंदच नसेल तर नवे रस्ते आणि पूल आखायचे म्हणजे अंधारात तीर मारणं. म्हणून हायवेवर ठिकठिकाणी आठवडाभर चौक्या बसवल्या. पाचातला एक ट्रक थांबवायचा, त्याचा नंबर टिपायचा आणि ड्रायव्हरला विचारायचं: कुठून आलात, कुठे चाललात, माल काय, वजन किती, मालक कोण, कुठला. आमच्या बाजूच्या चौक्यांचे फॉर्म पनवेलला, एसटी स्टँडजवळच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये येत. आम्ही सहा मुली लांब टेबलांवर बसून त्या उत्तरांना आकडे द्यायचो. सिमेंटला एक आकडा, खताला दुसरा, कांद्याला तिसरा. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मी एकटीच, म्हणून गटप्रमुख मी.

मला त्या फॉर्मांत आणखी एक गोष्ट शोधायची होती. माझ्या दादाचा ट्रक.

दादाला रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात कायमची नोकरी लागली होती. वडील गेल्यावर आईनं त्या नोकरीसाठी कुणाकुणाचे उंबरठे झिजवले होते. दीड वर्षात दादा ती सोडून ट्रकवर गेला. त्या वासात जीव घुसमटतो, म्हणाला. आई तापट, मी तिच्यावरच गेले आहे. "परत मला तोंड दाखवू नको," असं तिनं त्याला ओट्यावरून ऐकवलं. आता कोणती आई हे म्हणत नाही? संध्याकाळी भाकरी टाकताना विसरून जायचं असतं ते. दादा विसरला नाही. पाच वर्षं त्याचं पत्र नाही, निरोप नाही. एकदा जवळच्याच नेरे गावच्या एका ड्रायव्हरला तो गुजरातमध्ये कुठल्याशा ढाब्यावर भेटला. त्यानं शहाणपणा केला आणि दादाच्या गाडीचा नंबर काडेपेटीवर लिहून आणला. आईला वाचता येत नव्हतं, पण ती काडेपेटी तिनं देव्हाऱ्यात ठेवली. रोज फूल वाहायची तिला. एवढी माया होती, तर आधी तोंड आवरायचं होतंस, असं मी तिला एकदा बोलले. त्याचं वाईट अजून वाटतं.

त्या वर्षी आईचं हृदय थकलं. पावलांवर सूज, दोन वाक्यांनंतर धाप. किती दिवस, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, पण कुणाला कळवायचं असेल तर कळवून घ्या म्हणाले. कळवायचं होतं एकालाच. आणि आमच्याकडे होता फक्त गाडीचा नंबर.

आमचं घर हायवेपासून भाताचं एक खाचर सोडून. ओट्यावर बसलं की रस्ता दिसायचा. आई दिवसभर तिथेच बसून असायची, आत कोंदटतं म्हणायची. चौक्यांचा आठवडा चालू असताना एका संध्याकाळी मी घरी आले, तर ती वेगळीच दिसली. गाल लाल, धाप नेहमीपेक्षा जास्त.

"आज तो आलता गो," ती म्हणाली.

"कोण?"

"माजा पोर. ट्रक उभा होता समोर, किती वेल. मागं काय भरलेला नाय, रिकामी गाडी. ड्रायवर खाली उतरलाच नाय, आतूनच बगत होता. मी उठेपरेंत गेली गाडी."

मी चपला काढत होते. म्हटलं, "आई, रोज शंभर गाड्या थांबतात तिथे. कुणी टायर बघतं, कुणी तंबाखू मळतं."

"तंबाखू मलनारा असा बगत नाय."

मी तिला औषध दिलं आणि झोपवलं. आजारी माणसाला भास होतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात फॉर्मांचे गठ्ठे आले. खोलीभर. मालाचे तक्ते आधी हवेत असा वरून तगादा होता. तेव्हा मी तो नियम काढला: भरलेल्या गाड्यांचे फॉर्म आधी, रिकाम्यांचे वेगळे बांधून भिंतीला. रिकाम्या गाडीत माल नाही, म्हणजे आकडा द्यायला काही नाही. कुठून, कुठे आणि रिकामी का, एवढंच. काम एकदम पळायला लागलं.

भरलेल्या गाड्यांचा प्रत्येक फॉर्म मी स्वतः डोळ्याखालून घालायची, नंबरासाठी. मुलींना वाटायचं, बाई फार काटेकोर. संध्याकाळी घरी गेले की आईचा प्रश्न ठरलेला. "आज गावला का?" मी सांगायची, आज सुरतेकडच्या चौकीचा गठ्ठा झाला, आज नाशिकचा. ती त्या गावांची नावं जपाला बसल्यासारखी पुन्हा पुन्हा म्हणायची.

"तुमच्या कागदात सगल्या गाड्या हायेत ना?"

"सगळ्या नाहीत आई. पाचातली एक."

"मंग ती यक त्याचीच असंल," ती म्हणायची. मी हसायची. संख्याशास्त्राला हसायला येईल असंच ते होतं.

थोड्या दिवसांनी ती वेगळंच म्हणायला लागली. "त्या रिकाम्या गाडीचा कागद बग गो. हितल्या चौकीवर आडवली असंल तर असंल तुमच्याकडं."

"रिकाम्या गाड्या शेवटी असतात आई. त्यात काही नसतं."

हे मी एकदा नाही, चार-पाच वेळा म्हटलं असेल. एकदा तर चिडून म्हटलं. तो गठ्ठा माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर होता. दुपारी डबा खाल्ल्यावर आम्ही पाठ टेकायला बसायचो, ती त्याच गठ्ठ्यांना टेकून.

सर्वेक्षणानंतर अडीच महिन्यांनी आई गेली. सकाळी, ओट्यावरच, तोंड रस्त्याकडे. आपटा गावची मावशी म्हणाली, पोरात जीव अडकला होता गो, म्हणून एवढे दिवस काढले. दिवसकार्य मीच केलं. तेराव्यानंतर कामावर गेले, तोवर भरलेल्या गाड्या संपल्या होत्या. साहेब म्हणाले, आता रिकाम्यांचे घ्या. मी सगळ्यात वरच्या गठ्ठ्याची दोरी सोडली. पनवेलच्याच चौकीचा.

तासाभरात नंबर समोर आला. मी काडेपेटी आठवली, आकडे एकेक करून जुळवले, परत जुळवले. तारीख तीच, ज्या दिवशी आईचे गाल लाल होते. कुठून: सुरत. कुठे: पनवेल. माल: नाही. रिकामी का, या रकान्यात आमची माणसं एक शब्द लिहायची: परत, भरायला, दुरुस्ती. इथे कुणीतरी ड्रायव्हरचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं होतं: "आईला भेटायला." खाली मालकाचं नाव, गाव. एका पत्राचं काम होतं. आठ दिवसांत पोचलं असतं, आणि आई त्या दिवसानंतर अडीच महिने जिवंत होती.

मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. मुलींना वाटलं, आईच्या आठवणीनं. शेजारचीनं माझ्या हातातला फॉर्म घेतला आणि विचारलं, याला कोणता आकडा द्यायचा, 'आईला भेटायला' असं आपल्या यादीत नाही. मी म्हटलं, नऊ. इतर.

त्याच दिवशी मी मालकाच्या पत्त्यावर लिहिलं: दादा, आई गेली, घरी ये. नवव्या दिवशी भर दुपारी ट्रक हायवेवर उभा राहिला. या वेळी तो उतरला. केस पिकायला लागले होते. खाचर ओलांडून आला आणि ओट्याच्या पायरीवर बसला, वर चढला नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. दोन घोट घेऊन बोलला.

"मी आलतो गो एकदा. मालकाला खोटं सांगून, गाडी रिकामी घेऊन. हितंच थांबलो होतो, समोर. आई ओट्यावर बसली होती."

"मग उतरला का नाहीस?"

"उतरनारच होतो. हिंमत धरत होतो. तेवढ्यात तिनं माझ्याकडं बघितलं आन ती उठली. मला वाटलं, मला बघून आत चालली. अजून राग गेला नाय. मंग मी गाडी काढली."

सुजलेल्या पायांवर आईला उठायला किती वेळ लागायचा, ते त्याला माहीत नव्हतं. खांबाला धरायची, गुडघ्यावर हात द्यायची, मध्ये श्वास घ्यायची. त्या दिवशी ती आत जायला उठली नव्हती. "मी उठेपरेंत गेली गाडी," हे तिचे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले.

"चहा टाकते," म्हणून मी आत गेले. ते शब्द मी त्याला अजून सांगितलेले नाहीत.