तिकीट न लावलेला अर्ज

आमच्या घरचा कॉम्प्युटर मी बिघडवला, हे चार महिने सगळ्या वसमतला माहीत होतं. सगळ्या वसमतला म्हणजे माझ्या सासूबाईंना. त्यांना कळलं की गावाला कळायला भाजीबाजाराच्या दोन फेऱ्या पुरतात. मी पडले शाळेत मास्तरीण. त्यामुळं आळ आणखीनच शोभून दिसायचा. दुसऱ्याची लेकरं शिकवते अन् घरचं यंत्र धड ठेवता येत न्हाई, असं आत्याबाई, म्हणजे सासूबाईच, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर सांगायच्या.

यंत्र नुसतं बिघडलं असतं तर मीही एवढी पेटले नसते. पण ते मामांचं यंत्र होतं. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांनी पस्तीस वर्षं तहसीलसमोर अर्जनवीस म्हणून काढली. फेरफार, रेशनकार्ड, वारसाची नोंद, कुणाचं काहीही अडलं की त्याचा अर्ज लिहून द्यायचा, हा धंदा. आधी हातानं, मग मराठी टाइपरायटरवर, आणि गुडघे बोलायला लागल्यावर घरीच, कॉम्प्युटरवर. टाइपरायटरवर जिथं क तिथंच कॉम्प्युटरवर क, असा एक जुना टायपिंगचा प्रोग्राम त्यांनी सीडीवरून टाकून घेतला होता. लोक सकाळी 'जयभीम' म्हणत ओसरीवर येऊन बसायचे आणि आतून टकटक सुरू व्हायची.

मामांचं सगळं वागणं तहसीलीतलं. कुणाचा अर्ज झाला की अख्खा मोठ्यानं वाचून दाखवायचा, मगच अंगठा. हट्टा गावची एक म्हातारी एकदा घाईला आली होती, एसटी सुटून राहिली म्हणाली. मामांनी एसटी सुटू दिली, पण वाचल्याबिगर अंगठा घेतला न्हाई. कोर्ट फीचं तिकीट न लावलेला अर्ज बाबू परत करतो, म्हणून डब्यात तिकिटं तयार. आणि नोटीस म्हटली की मामा जागेवर ताठ. नोटिशीला जवाब द्यायचाच, पहिलीला न्हाई तर दुसरीला. तिसरीलाही गप बसलात तर एकतर्फी निकाल लागते, मग रडत बसा, असं ते प्रत्येकाला सांगायचे. माझ्या लेकीच्या वर्गाच्या पालकसभेची नोटीस मीच लिहून घरी आणली, तर तिलाही त्यांनी लेखी जवाब दिला. 'उपस्थित राहीन.' आम्ही एका घरात राहतो हो.

तर एका सकाळी मामांनी कॉम्प्युटर लावला आणि आत सगळंच निराळं. नवी सिस्टीम येऊन बसली होती. खिडक्या नव्या, चित्रं नवी, आणि टायपिंगचा प्रोग्राम उघडला की लगेच मिटायचा. यंत्र इतकं मंद झालं की ते सुरू होईतो माझी एक भाकर थापून, भाजून, दुरडीत पडायची. नवऱ्याला विचारलं. तो बियाण्याच्या दुकानात बसतो, घरात कुठल्याही गोष्टीला हात लावत नाही, आणि ही एकच वेळ अशी आली की त्याचा फायदा झाला. आत्याबाईंना तर ते यंत्र पुसायचं तेवढं ठाऊक, आणि लेकीला त्याला हात लावायची मनाई. राहिले कोण? आदल्या संध्याकाळी मी तिथं बसून शाळेची माहिती भरली होती. पुरावा पक्का झाला. मामा पेपरात तोंड घालून बसले होते, त्यांनी पान उलटलं.

मी नाही केलं, असं मी त्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, नंतर भांडी आपटून सांगितलं. काही उपयोग नाही. मी भांडायला उभी राहिले की मामा उठायचे आणि जांबाच्या झाडाला पाणी घालायला जायचे. पेरूला आम्ही जांब म्हणतो. चार महिन्यांत त्या झाडानं आयुष्यात प्यालं नसेल एवढं पाणी प्यालं.

आणि मामा उतरत चालले. लोक अर्ज घेऊन यायचे, मामा हात हलवून नाही म्हणायचे. हातानं लिहायला गेले तर हात थरथरायचा, अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढायची. मग ते ओसरीवर नुसते बसून राहायचे. कधी कधी मांडीवर बोटं चालायची, टाइप केल्यासारखी. जेवण निम्म्यावर आलं. उरलेली अर्धी भाकर आत्याबाई मला दाखवायच्या. काही म्हणायच्या नाहीत, नुसती दाखवायच्या. असा राग यायचा म्हणून सांगू! वर मामा माझ्याशी भलतेच गोड वागायला लागले होते. माझी स्कूटी यायच्या आधी फाटक उघडून उभे. भाजीत मीठ विसरलं तरी 'झ्याक झाली'. मला वाटलं, कीव करून राहिलेत माझी. त्यानं तर अंगाचा तिळपापडच व्हायचा.

शेवटी ठरवलं, हे यंत्र धुऊन पुसून पुन्हा जुनं करायचं. मामांची टकटक सुरू झाली तर माझ्यावरचा आळ जाईल, निदान जुना तरी होईल. मेन रोडवरच्या दुकानदारानं माझं ऐकून घेतलं आणि मला समजावायला लागला. म्हणाला, मॅडम, दुनिया पुढं जाऊन राहिली, तुमी मागं काहून चालल्या? मी म्हटलं, माझा सासरा मागं राहिलाय, त्याला आणायला जायचंय. मग मात्र त्यानं मुकाट्यानं जुनी सिस्टीम पेनड्राइव्हवर दिली, कुठलं बटण कधी दाबायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. पण टायपिंगचा प्रोग्राम त्याच्याकडं नव्हता. ती सीडी आता मिळत न्हाई, घरीच शोधा, म्हणाला.

घरी कपाटात सीडीचं पाकीट होतं. सीडी नव्हती. आत्याबाईंना विचारलं तर त्यांनी बोटानं अंगणात दाखवलं. जांबावर राघू येतात, फळं टोकरतात, म्हणून त्यांनी घरातल्या होत्या नव्हत्या सगळ्या सीड्या सुतळीनं झाडाला बांधल्या होत्या. ऊन पडलं की चमकतात, राघू भितात. अकरा सीड्या. पदर खोचून मी शिडीवर चढले. पहिली हाताला लागली ती माझ्या लग्नाची. दुसरी भजनाची. आत्याबाई खालून ओरडत होत्या की काढशील तेवढ्या फांद्या राघू खातील, अन् ते बी तुझ्याच नावावर. सातवी का आठवी फिरवली तर मागं मामांच्या अक्षरात लिहिलेलं, 'टंकलेखन. मूळ प्रत.' ती तेवढी सोडली आणि तिच्या जागी स्टीलची ताटली बांधली. लग्नाची तिथंच राहू दिली. तिला राघू सगळ्यात जास्त भितात.

सीडी भांड्याच्या साबणानं धुतली, नवऱ्याच्या बनियननं पुसली. रविवारी सकाळी जेवणखाण बाजूला ठेवून बसले. मामा पाठीमागं खुर्ची टाकून बसले. त्यांचं काही पुसलं जाईल ही भीती नव्हती, कारण आत त्यांचं काही नव्हतंच. मामा कॉम्प्युटरला टाइपरायटरच समजायचे. एकच फाइल उघडायची, कालच्या अर्जावर आजचा टाइप करायचा, तीन प्रती काढायच्या आणि एक लाल फडक्यातल्या बस्त्यात बांधायची. जे कागदावर नाही ते नाहीच, हा त्यांचा हिशोब. माझे आणि लेकीचे फोटो मी आधीच काढून घेतले होते.

सुरुवातीलाच इंग्रजीत लांबलचक मजकूर आला, खाली 'मंजूर आहे' अशी चौकट. मी सवयीनं ती दाबायला गेले.

"वाच," मामा म्हणाले.

मी म्हटलं, मामा, हे दुनियेत कुणीच वाचत नसतं.

"वाच, बाई. वाचल्याबिगर हो म्हनायचं न्हाई."

आवाज काहीतरी निराळा होता. म्हणून मी वाचलं. इंग्रजीतून मराठीत करत, अडखळत, दहा-बारा ओळी. मामांनी मध्येच विचारलं की एकदा हो म्हटलं तर माघारी घेता येत नाही का. मी म्हटलं, येतं की, पण मग आपण आज करून राहिलो तसं सगळं पुसावं लागतं. मग यंत्रानं विचारलं, यातलं सगळं कायमचं जाईल, पुसू का? मी मामांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी बटण दाबलं.

निम्म्यात लाईन गेली. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे चालतात, कॉम्प्युटर नाही. आत्याबाई दारात येऊन म्हणाल्या, आता तर पुरतंच गेलं. दीड तास मी पडद्यासमोर वारा घेत बसले होते, आणि मनातल्या मनात वीजवाल्यांपासून राघूंपर्यंत सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. लाईन आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तो मजकूर आला. या वेळी मामांनी वाच म्हणायच्या आधीच मी वाचला.

दुपारी जुनी सिस्टीम उघडली. पडद्यावर तेच निळं चित्र, त्याच जुन्या खिडक्या. सीडी आत ढकलली. ती आधी घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. मग पडद्यावर पट्टी सरकायला लागली. प्रोग्राम उघडला, मी क च्या जागेवर बोट ठेवलं, आणि क उमटला. मी एवढ्या मोठ्यानं हसले की नवरा आतून पळत आला.

मामांनी हात धुतले, चष्मा पुसला, आणि आम्हा सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आम्ही स्वयंपाकघरात गेलो. थोड्या वेळानं टकटक सुरू झाली. आधी अडखळत, मग धाडधाड. आत्याबाईंचा भाकर थापता थापता हात थांबला. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि एवढं सोसून वर आपल्यालाच बरं वाटतंय याचा रागही आला.

प्रिंटर तीनदा वाजला. मामा तीन कागद घेऊन स्वयंपाकघरात आले. ते कधी आत येत नाहीत, पाणीसुद्धा ओसरीवर मागतात. त्यांनी आम्हा तिघांना बसायला सांगितलं आणि चष्मा वर सारून मोठ्यानं वाचायला लागले.

"प्रति, सूनबाई, राहणार याच घरात. विषय, खरा प्रकार कबूल करणेबाबत. महोदया, सविनय अर्ज सादर करतो की, अर्जदाराच्या कॉम्प्युटरवर इंग्रजीतून नोटीस येत होती. पहिल्या व दुसऱ्या नोटिशीकडे अर्जदाराने दुर्लक्ष केले. तिसरी आल्यावर एकतर्फी निकाल लागेल या भीतीने अर्जदाराने मजकूर न वाचता 'हो' असा जवाब दिला. त्यामुळे जुनी सिस्टीम जाऊन नवी आली. सदर कृत्य अर्जदाराचे असताना आळ आपणावर आला, व अर्जदार चार महिने गप्प राहिला. जन्मभर लोकांना वाचल्याशिवाय अंगठा देऊ दिला नाही, त्यामुळे अर्जदारास सांगण्याची लाज वाटली. तरी माफी मिळावी ही विनंती. प्रत माहितीसाठी सादर, एक, अर्जदाराची पत्नी. दोन, अर्जदाराचा मुलगा."

आत्याबाई लगेच म्हणाल्या की मी तर पहिल्यापासून म्हणत होते, हिचं काम नसंल ते. नवऱ्यानं मान खाली घातली.

मी मात्र चिडले. चार महिने! चार महिने मी या घरात चोरासारखी वावरले, आणि तुम्ही झाडाला पाणी घालत होतात? दोन शब्द तोंडानं सांगता येत नव्हते? असं सगळं मी बोलले, यातलं एकही अक्षर गिळलं नाही.

मामांनी कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. "लिहून देल्याबिगर मला काही सांगताच येत न्हाई, बाई," ते म्हणाले. "अन् लिहायचं तेच तर बंद पडलं होतं."

चार महिने मांडीवर बोटं चालत होती, ती कशासाठी ते मला तेव्हा कळलं. तरीपण एवढ्यावर सोडायची माझी तयारी नव्हती. मी कागद हातात घेतला, तहसीलीतल्या बाबूसारखा वरून खाली न्याहाळला आणि परत केला.

"तिकीट न्हाई. अर्ज परत."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग उठले आणि तिकिटांच्या डब्याकडं न जाता गॅसपाशी गेले. त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण त्यांनी गॅस पेटवलेला आत्याबाईंनीही पाहिला नव्हता. तीन काड्या वाया गेल्या. साखर म्हणून आधी हळदीचा डबा उघडला, मग मिठाचा. आत्याबाई उठायला लागल्या, तर मी त्यांचा हात धरून खाली बसवलं. दूध ओट्यावर उतू गेलं. शेवटी मामांनी एक कप आणून माझ्यासमोर ठेवला. चहा गाळलेला नव्हता, साखर दुप्पट होती, आलं ठेचायचं सोडून अख्खं टाकलं होतं. मी तो खालच्या पत्तीपर्यंत प्यायले.

मग पेन मागून घेतलं, अर्जाच्या कोपऱ्यात 'मंजूर' असा शेरा मारला आणि खाली सही केली. मामांनी कागद घेतला, चष्म्याजवळ नेऊन शेरा वाचला, आणि तसाच माझ्यापुढं धरला.

"तारीख राहिली," ते म्हणाले.

मी तारीख टाकली. मामांनी लाल बस्ता सोडला आणि अर्ज सगळ्यात वर ठेवून गाठ मारली.