शिंगाड्याच्या शिऱ्यात एक चमचा

श्रावणातला दुसरा सोमवार. सकाळचे सात. बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या एका टॉवरमध्ये, सातव्या मजल्यावर मी उपासाच्या कुटासाठी अर्धा किलो शेंगदाणे भाजत होते. त्या घरी स्वयंपाक मी करते. दाणे भाजून झाले की कोपरापर्यंत हात साबणाने धुते, घरी गेल्यावर आधी साडी बदलते. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला दाणे चालत नाहीत. कण पोटात गेला तरी ओठ सुजतात, श्वास अडकतो.

घरच्या वहिनी मागे उभ्या होत्या. त्यांचे मिस्टर अंबरनाथ एमआयडीसीत मोठे ऑफिसर. माझं हात धुणं बघून हसल्या.

"तुमच्यात कुठून आली गं अ‍ॅलर्जी? लाडावून ठेवलीयेस तिला. आम्ही लहानपणी मूठ मूठ दाणे खायचो."

मी नळ बंद केला. याच वहिनींचा अमेरिकेतला भाचा डिसेंबरात आठ दिवस राहून गेला. त्यालाही हेच. तेव्हा माझ्याकडून सगळे डबे, मिक्सर, कपाटं गरम पाण्याने धुऊन घेतली होती. दाण्यांची बरणी शेजारच्यांकडे ठेवली होती. तेव्हा कुणी लाड म्हटलं नाही. त्याची अ‍ॅलर्जी. माझ्या मुलीचे नखरे.

श्रावणी सोमवारी शाळा लवकर सुटते. बाराच्या सुमारास मुलगी घराची किल्ली घ्यायला आली. मी धुतलेल्या कढईत शिंगाड्याचा शिरा केला होता. तूप, साखर, वेलची. दाणे नाहीत. वहिनींनी स्वतः वाटी भरली आणि तिला बाहेर टेबलाशी बसवलं. त्या कधी तिला खुर्चीवर बसवत नसत.

"काकू, दाणे नाहीत ना?"

"तुझ्या आईनेच केलाय. खा."

माझ्या हातचा होता म्हणून मी निर्धास्त. ओटा पुसत राहिले.

थोड्या वेळाने ती आत आली. गळा धरून. "आई, जीभ खाजतेय." ओठ सुजायला लागले होते. आवाज बदलला होता.

"वहिनी, गाडी काढा!"

गाडी खालीच उभी होती. चावी दाराजवळच्या खिळ्याला.

"अगं, गाडीत उलटी केली तर? सीटा नव्या आहेत. रिक्षा मिळेल पटकन." मग हळूच, "एकच चमचा कूट मिसळलं होतं गं. मला बघायचं होतं."

बघायचं होतं. दूध उतू जातंय का, ते बघतात तसं.

रिक्षात तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. माझ्याकडे काही नव्हतं. अशा वेळी टोचायचं इंजेक्शन जवळ ठेवा, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं. चिठ्ठी घेऊन मी पार उल्हासनगर कॅम्प तीनपर्यंत गेले होते. मेडिकलवाला म्हणाला, "ये इंजेक्शन डॉक्टर लगाता है. आप डॉक्टर हो क्या?" चिठ्ठी परत दिली. मी परत आले. पुन्हा गेले नाही. आता तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्याने काही होत नाही, हे मला माहीत होतं. रिक्षावाला सारखा हॉर्न वाजवत होता. त्यानेही काही होत नव्हतं.

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं. ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळाने ती नीट श्वास घ्यायला लागली. डॉक्टर मॅडमनी कागद पुढे ओढला.

"अ‍ॅलर्जी आहे माहीत होतं ना? मग दाणे पोटात गेले कसे?"

"चुकून," मी म्हटलं.

त्या टॉवरमधली आणखी तीन घरं मला वहिनींच्या शब्दावर मिळाली होती. ते माझ्या जिभेला माझ्या आधी आठवलं. मॅडमनी तसंच लिहिलं. रात्रभर ठेवून घेऊ म्हणाल्या, त्रास परत उलटू शकतो.

त्या गेल्यावर मुलीने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"आई, चुकून नव्हतं. काकू समोर बसून बघत होती. दोनदा विचारलं, काही होतंय का म्हणून."

मी मास्क परत लावला. दुसरं काय करणार.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "कशी आहे? बरी असेलच. हे बघ, उद्या मंगळागौर. पंधरा बायका आहेत. सातला ये. आणि कुणी विचारलं तर चुकून झालं म्हण."

"बरं," मी म्हटलं.

मुलगी जागी होती. तिने ऐकलं. भिंतीकडे वळली. त्या पाठीकडे मी खूप वेळ बघत बसले. तिच्या गळ्यात कूट गेलं होतं. माझ्या तोंडात "बरं" कित्येक वर्षं घातलेलं होतं, आणि ते मी रोज गिळत आले होते.

सकाळी सातला फोन वाजला. उचलला नाही. पुन्हा वाजला. बंद केला. डॉक्टर मॅडम राउंडला आल्या तशी मी उभी राहिले.

"मॅडम, काल मी खोटं सांगितलं. चुकून नाही. मी जिथे कामाला आहे, त्या वहिनींनी माहीत असून मुद्दाम घातलं. मला स्वतः सांगितलं त्यांनी."

"मावशी, असं लिहिलं तर पोलिसांना कळवावं लागेल."

"कळवा."

"काम जाईल तुमचं."

"गेलं. लिहा."

त्यांनी लिहिलं. मी कागद मागून घेतला आणि ओळ न् ओळ वाचली. वहिनींचं आडनाव चुकलं होतं. ते दुरुस्त करून घेतलं. मग सही केली.